सिद्धाप्पांचं पॉवरचं बटण

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सिद्धाप्पांनी ठरवलं, आता संध्याकाळीही रेडिओवर बोलायचं. बायको रत्नव्वा गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठायचं, आणि कानडी ढंगात "अवो री, किती ती बडबड!" म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं.

हा रेडिओ ऐकायचा नव्हे, बोलायचा. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेला आणि सेट घरीच बांधलेला, तोही रत्नव्वांच्या चकलीच्या डब्यात. (चकल्या संपवायला आठ दिवस लागले, सेट बांधायला दोन वर्षं.) आवाज किती लांब फेकायचा हे ठरवायला त्याला पॉवरचं एक गोल बटण होतं. एका टोकाला 'कमी', दुसऱ्या टोकाला 'जास्त', असं सिद्धाप्पांनी स्वतःच्या हातानं रंगवलेलं. रोज सकाळी ते 'जास्त'वर ठेवून जगाला हाक मारायचे, "हॅलो, कोल्हापूरहून सिद्धाप्पा. कुणी ऐकतंय का?" वर्षभरात जगानं एकदाही ओ दिली नव्हती.

संध्याकाळी गल्ली टीव्हीसमोर बसते, तिला त्रास नको म्हणून या भल्या माणसानं बटण 'कमी'कडे फिरवलं आणि हाक मारली. पाच मिनिटांत शेजारच्या अंबूबाई दारात.

"अवो अण्णा, तुमचा आवाज आमच्या टीव्हीत यायलाय की! नवरा मेलाय, बायको रडायला तोंड उघडती, आणि आतनं तुमी इचारताय, कुणी ऐकतंय का!"

"मग? ऐकलं कुणी?" सिद्धाप्पांनी आशेनं विचारलं.

"आक्खी गल्ली ऐकायलीया!"

सिद्धाप्पांनी सेट बंद केला आणि चहा टाकला. अंबूबाई भांडत भांडत चहा प्याल्या, मग सुनेची गाऱ्हाणी सांगत अर्धा तास बसल्या. दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पांनी बटण 'कमी'कडे आणखी सरकवलं, तर अंबूबाईंबरोबर त्यांचे मालक बाळासोही आले. "अण्णा, काल निदान अधनंमधनं नटी तरी बोलत हुती!" तिसऱ्या दिवशी बटण पार टोकाला नेलं. मग कोपऱ्यावरच्या बयाबाईही आल्या, कारण त्यांच्या टेपरेकॉर्डरमध्ये भजनाच्या मधेच सिद्धाप्पा बोलू लागले होते. तिघांना चहा देताना घरातले कप कमी पडले. किती दिवसांनी सिद्धाप्पांना बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मात्र लाज वाटून त्यांनी सेट उघडला. बटणाच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. कमी ते जास्त, जास्त ते कमी! म्हणजे वर्षभर ते जगाच्या कानात कुजबुजत होते (ती कुजबुज फार तर गावाबाहेरच्या कळंब्यापर्यंत पोचली असेल) आणि आता तीन दिवस गल्लीच्या कानात बोंबलत होते.

वायरी बदलल्या. सकाळी 'जास्त'वर हाक मारली, आणि थेट केरळातून उत्तर आलं! सिद्धाप्पांना पेन्शन, गुडघा, रत्नव्वा, सगळं सांगायचं होतं. पण तो गृहस्थ इंग्रजीत "आवाज स्वच्छ येतोय, नमस्कार" एवढंच म्हणून पुढच्याला हाक मारू लागला. त्या दिवशी आणखी चौघांनी ओ दिली. चौघांनीही आवाज स्वच्छ असल्याचं कळवलं आणि निघून गेले.

संध्याकाळी बटण 'कमी'वर. गल्ली खूश. आठवडाभर दाराशी कुणी फिरकलं नाही.

आठव्या दिवशी, ऐन मालिकेच्या वेळी, सिद्धाप्पांनी बटण सरळ 'जास्त'च्या टोकाला नेलं. चार कप चहाचं आधण ठेवलं, दार उघडं टाकलं आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोलून टाकलं. रत्नव्वांचं नाव घेताना दोनदा थांबावं लागलं. चहा उकळून काळा पडला, तरी कुणी आलं नाही.

वायरी पुन्हा चुकल्या की काय, म्हणून ते चपला घालून शेजारी गेले. टीव्ही चालूच होता.

"अंबूबाई, माझा आवाज येत न्हाई काय?"

"येतोय की अण्णा," अंबूबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "पण आता तुमी सुरू झालासा की आमी टीव्हीचा आवाज बंद करून निस्तं चित्र बघतोय. तुमी बोला बिनघोर, आमाला काय बी तरास न्हाय."