थंडीच्या हातात नारळ

बोरीच्या पठारावर उत्तम शेट्यांची छोटी वायनरी आहे, आणि थंडी दरवर्षी दिवाळीनंतर तिथे एसटीने मुक्कामाला येते. सोबत एक वळकटी आणि पितळी डबा. उत्तम तिला आक्का म्हणतो, त्यामुळे ती त्याच्या बायकोची, प्रमिलाची, नणंद झाली.

कामाला आक्का वाघ. शेट्यांच्या मळ्यात औषधाचा फवारा नाही. दसऱ्याच्या सुमारास गाईच्या शिंगात शेण भरून ते खतासाठी मातीत पुरायचं, पंचांग बघून छाटणी करायची आणि उरलेलं आक्कावर सोडायचं. दिवसा ती पुरलेल्या शिंगांपाशी बसून राही, रात्री वेलींमधून फिरे आणि एकेका घडाला हात लावी. त्या हातामुळे मण्यात गोडीबरोबर आंबटपणा टिकायचा. शेट्यांची पांढरी वाईन प्यायला की पाहुणा आधी पेल्याचा तळ बघायचा आणि मग दुसरा पेला मागायचा. आक्काला चहा मात्र गार लागे, म्हणून प्रमिला तो आदल्या दिवशीच करून ठेवी.

यंदा वाईनला बक्षीस मिळालं आणि उत्तमला भरून आलं.

"सगळं आक्कानं केलं. तिचा सत्कार नको करायला?"

तोडणी संपत आली होती, आक्काची निघायची वेळही जवळ आली होती. उत्तमने अंगणात मांडव घातला, आक्काला खुर्चीत बसवलं, खांद्यावर लोकरीची शाल घातली आणि हातात नारळ दिला. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. आक्का घामाने डबडबली. उठली, आत गेली आणि वळकटी बांधून बाहेर आली.

"जाते," ती म्हणाली.

तो शब्द प्रमिलाने नेमका टिपला. घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात, आणि आक्काही आजवर तेच म्हणत आली होती. आता ती परत आली नाही तर द्राक्षं नुसती गोड होणार, आणि नुसती गोड द्राक्षं काय, कुणाच्याही मळ्यात मिळतात. पण प्रमिलाचं दुःख त्याहून मोठं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून उत्तमच्या तक्रारी सांगाव्यात असं दुसरं माणूस तिला नव्हतं.

"शाल चांगल्यातली होती गं," उत्तम डोकं धरून म्हणाला.

प्रमिला तोडणीच्या लुगड्यातच फाट्याकडे पळत सुटली. एसटी उभी होती. आक्का खिडकीशी बसली होती, नारळ अजून हातातच होता. शाल तिने कंडक्टरला देऊन टाकली होती आणि तो ती कानावरून घेऊन बसला होता.

"आक्का, काय चुकलं आमचं?"

"तुमचं कशाला चुकेल? काम संपलं की माणसाच्या हातात नारळ देतात. तुम्ही तर चारचौघांत दिला. वर टाळ्या वाजवल्या."

"अहो, तो मानाचा नारळ!"

"आणि शाल? मला ऊब लागायला लागली, असंच ना?" आक्काने तोंड खिडकीकडे फिरवलं. "म्हातारी झाले म्हणायचं होतं सरळ."

आता समजावत बसण्यात अर्थ नव्हता, कारण नारळ हातात दिला होता हे खरंच होतं. प्रमिला गाडीत चढली आणि तिने तो काढून घेतला.

"पदर पसरा."

"अगं, लोक बघतात."

"बघू देत."

"ताई, गाडी थांबवायला कारण लागतं," कंडक्टर म्हणाला.

"नणंदेची ओटी भरते आहे."

"मग भरा. त्याला सूट आहे."

प्रमिलाने आपल्या कपाळावरचं कुंकू बोटाने आक्काला लावलं. तांदूळ नव्हते, म्हणून कनवटीला बांधलेली मूठभर द्राक्षं तिच्या पदरात घातली आणि वर तोच नारळ ठेवला. हातातला नारळ घालवून देण्याचा, ओटीतला माहेरचा. गाडीतल्या बायांनी माना डोलावल्या.

आक्काने भावजयीला पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"येते गं," ती म्हणाली.

प्रमिलाला 'या' म्हणायचं होतं, पण तिचे दात वाजत होते.