दत्तोजीरावांचा हग्ग

रविवारी सकाळी म्हैसूरच्या अग्रहारातल्या आपल्या दारात अंबाजीराव पिकअपमागं उभे होते. हौद्यात दोन सायकली आडव्या पडल्या होत्या. एक जावई गगनची, एक लेक सुष्माची. चाकं बाहेर डोकावत होती, म्हणून फाळका पाडलेलाच ठेवला होता. सायकली इतक्या हलक्या की अंबाजीरावांनी एक सहज एका हातानं उचलून पाहिली आणि "हिला जेवायला घालत नाही काय?" असं विचारून परत ठेवली.

आठ वाजता वरुणा गावात नवरा-बायकोच्या जोड्यांची सायकल शर्यत होती. सुष्मा नाव-नंबराचं काम उरकायला मैत्रिणीच्या स्कूटरवरून पुढं गेली होती. जाताना नवऱ्याला सांगून गेली, "माझी सायकल वेळेवर आली नाही, नाही तर तिला ओरखडा आला, तर मी माहेरीच राहणार." गगननं इकडंतिकडं बघितलं. ती माहेरीच होती. पण धमकी ती धमकी, आणि लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते.

"सायकल चालवायला जायचं आणि सायकल गाडीत घालून न्यायची," अंबाजीराव म्हणाले. "पोहायला जाताना पाणी पण घरनं नेता काय?"

"आधीच दमायला नको म्हणून, बाबा."

"आमचे पणजोबा घोडदळात होते. लढाईला निघताना त्यांनी घोडा बैलगाडीत घातला नाही."

गगननं पिशवीतून पट्टे काढले. खटका ओढला की आवळत जाणारे, खास सायकलींसाठी मागवलेले.

"हे पँटीला लावा, सैल दिसते," अंबाजीराव म्हणाले. ते लग्नकार्याला भांडी भाड्यानं देत. त्यांनी बांधलेल्या गाडीतून आजवर एक पळी पडली नव्हती, असं ते स्वतःच सांगत. "जावईबापू, पट्टे राहू द्या. आधी हग्ग पाहिजे. हग्ग नाही तर गाडी हालणार नाही."

गगनचे कान लाल झाले.

गोष्ट एवढीच होती की कन्नडात दोरखंडाला हग्ग म्हणतात. अंबाजीरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात. त्यांच्या मराठीतली दोरी केव्हाच तुटली होती आणि तिच्या जागी हग्ग आला होता. गगन पुण्याचा, नोकरीपायी नुकताच इकडं आलेला. पुण्यात हा शब्द दाराला कडी लावून करायच्या कामासाठी राखून ठेवलेला आहे.

"माझं झालं, बाबा," तो खाली बघत म्हणाला.

"झालं? कुठं ठेवला?"

"ठेवला म्हणजे... जिथे ठेवतात तिथेच."

सासूबाई वनजाबाई पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर आल्या. "मी कालच म्हटलं यांना, हग्ग रात्रीच काढून ठेवा. सकाळच्या घाईत कुठं मिळतो?"

"लांब आहे काय?" अंबाजीरावांनी विचारलं. "मागल्या वेळी आखूड पडला."

गगन बाटल्यांची झाकणं आवळू लागला.

"लाजता काय सुम्ने, उगाच? नसला तर शेजारनं दत्तोजीरावांचा आणू. मनगटाएवढा जाड आहे. आख्खी गल्ली वापरते."

"नको, नको. मी बघतो काय जमतं ते," असं म्हणून गगन आत गेला आणि संडासात जाऊन बसला. तिथं त्याला पुण्याहून आईचा रविवारचा फोन आला.

"तुझा आवाज का रे घुमतोय?"

"झाल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणतात सासरे."

"बाई गं," आई म्हणाली, "किती जपतात तुला."

तो बाहेर आला तेव्हा सायकली जाडजूड दोरीनं आवळलेल्या होत्या आणि अंबाजीराव हात झटकत होते. "मिळाला काय?"

"नाही, बाबा."

"असू द्या. दत्तोजीरावांनी दिला."

गगन घाईनं गाडीत जाऊन बसला.

शहर मागं पडलं, भाताची खाचरं लागली. अंबाजीरावांची नजर सारखी आरशात जात होती. शेवटी ते म्हणाले, "सैल झाला."

"काय?"

"हग्ग. निघताना चांगला घट्ट होता."

गगनला सासऱ्यांची दया आली. "थांबू या का कुठे?"

"इथं नको, बसथांबा आहे. लोक बघत बसतील. पुढं उसाजवळ थांबू."

"तोपर्यंत धरवेल ना?"

"देवाच्या मनात असलं तर धरंल."

उसाजवळ चढ होता. गाडी थांबली, पण अंबाजीराव काही उतरले नाहीत. "हँडब्रेक नावालाच आहे. मी पाय काढला तर गाडी मागं जाईल. तुम्हीच जा मागं आणि कट्टून टाका."

"मी? कट करू?"

"कट्ट. मधल्या गाठीजवळ."

"पूर्ण?"

"अर्धवट कशाला?"

गगनला नवल वाटलं. पण दोन महिन्यांत सासऱ्यांनी पहिल्यांदाच काम सांगितलं होतं. त्यानं सायकलीच्या अवजारांतला चाकू काढला. दोरी चिवट होती, घाम फुटला. शेवटी तिचे दोन तुकडे झाले.

"झालं, बाबा."

"नीट?"

"एकदम."

गाडी हिसका देऊन चढाला लागली. चढ संपल्यावर अंबाजीरावांनी आरशात बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "आरशात आभाळ फार दिसतंय."

गाडी वळवून दोघं परत आले. रस्त्याच्या कडेला उसाच्या पाचटाचा ढीग होता. ढिगावर दोन्ही सायकली आणि शेजारी म्हैस घेऊन उभी असलेली एक बाई. नाव कृष्णवेणी, असं तिनं स्वतःच सांगितलं, आणि त्यालाच जोडून अंबाजीरावांना कन्नडात विचारलं, "हग्ग कट्टोके बरल्वा निमगे?"

अंबाजीरावांचा चेहरा उतरला. हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता.

"काय म्हणतात त्या?" गगननं विचारलं.

"हग्ग कट्टायला येत नाही काय, म्हणते."

"बाबा, आता यांच्यासमोरपण तोच विषय?"

कृष्णवेणीनं त्याच्याकडं नीट बघितलं. हा गडी परगावचा, हे तिनं ओळखलं. हातातली म्हशीची दोरी त्याच्या नाकासमोर धरून, तान्ह्या पोराला शिकवावं तशी ती म्हणाली, "हग्ग." मग तिनं ती दोरी विजेच्या खांबाला गुंडाळून गाठ मारली. "कट्टु."

गगननं दोरी बघितली. गाठ बघितली. मोकळा हौदा बघितला. मग हातातला चाकू खिशात घातला.

"म्हणजे बांधायची होती."

"मग सकाळपासनं मी काय बोंबलतोय?"

"बाबा, सकाळी मी आत इतका वेळ काय करत होतो, असं वाटलं तुम्हाला?"

"हग्ग शोधताय म्हणून."

"संडासात?"

"नवे जावई तुम्ही. घराची माहिती नाही, म्हटलं."

पाचटामुळं सायकलींना ओरखडा नव्हता. सुष्माच्या सायकलीला थोडं शेण लागलं होतं, ते गगननं रुमालानं पुसलं. अंबाजीरावांनी दोरीचे दोन्ही तुकडे गोळा करून हौद्यात टाकले. मग हळूच म्हणाले, "ते पट्टे आणलेत काय?"

"पँटीला लावलेत," गगन म्हणाला, आणि पिशवीतून काढून दिले.

खटके ओढले. अंबाजीरावांनी सायकली हालवून बघितल्या. गाडी हालली, सायकली हालल्या नाहीत. "बरे आहेत," ते म्हणाले. "आवाज फार करतात."

वरुणाला पोचेपर्यंत आठ केव्हाच वाजून गेले होते. सुष्मा हाताची घडी घालून रस्त्यातच उभी होती. पण शर्यतही तिथंच उभी होती. गावातली माणसं आणि जनावरं एकत्रच बघायला आली होती, रस्ता मोकळा होत नव्हता. आयोजक भुवन कर्ण्यावरून ओरडून ओरडून रडकुंडीला आला होता, "हग्ग इदेया, यार हत्रानादरू?"

गगनला आयुष्यात पहिल्यांदाच एक अख्खं कन्नड वाक्य कळलं: कुणाकडे तरी दोरी आहे का? त्यानं हात वर केला. "आहे! दोन आहेत!"

दोरीचा एक तुकडा रस्त्याच्या या बाजूला ताणला, दुसरा त्या बाजूला. मध्ये रस्ता मोकळा झाला.

"दोन लागतील हे तुला कसं कळलं रे?" सुष्मानं विचारलं.

"अंदाज."

अंबाजीरावांना ठसका लागला. पण त्यांनी मान डोलावली. जावयाला पाठीशी घालायची त्यांची ती पहिलीच वेळ.

शर्यतीत सुष्मा आणि गगन शेवटून दुसरे आले. शेवटची जोडी वाटेत भांडून घरी गेली होती.

दुपारी अग्रहारात उतरता उतरता गगनला पुन्हा आईचा फोन आला, शर्यतीचं विचारायला. तो फोन कानाला लावून पायऱ्या चढत होता. कट्ट्यावर दत्तोजीराव बसले होते. दारात वनजाबाई.

"गगनराव, हे कधीचे वाट बघत बसलेत. यांचा हग्ग कुठं आहे?"

"आई," गगन सासूबाईंना ऐटीत म्हणाला, "दत्तोजीरावांचा हग्ग आम्ही वरुणाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून आलो. लोकांना फार उपयोग झाला."

फोनमधल्या आईनं अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि तो नेलात कशातून?"