गिअरची मूठ

आधीच सांगतो, हे लिहायची मला हौस नाही. मुलीने पिच्छा पुरवला. "बाबा, तुम्ही लिहा, नाहीतर आई सांगेल." तिची आई सांगायला लागली की मी त्यात गाढव ठरतो. (मी सांगितलं तरी ठरतोच, पण निदान माझ्या शब्दांत.) शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नका.

गाडी सव्वीस वर्षांची. त्या दिवशी चार वाजता जावई ती कायमची घेऊन जाणार होता. मला आता नीट दिसत नाही, असं डॉक्टरचं, बायकोचं आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाचं मत पडलं होतं. बरं, न्या गाडी. पण गिअरची मूठ? माझ्या तळव्याने घासून घासून तिच्यावरचे आकडे पुसले गेले होते, अंगठ्याची खळी पडली होती. गाडी न्या, माझा हात कशाला नेता? ती काढायची, खिशात टाकायची आणि जावयाला नवीकोरी बसवून द्यायची. एवढाच बेत.

पण बायकोने सकाळीच बजावलं होतं, "आतून-बाहेरून पुसून ठेवलीय. आता बोट लावलंत तर गाठ माझ्याशी आहे."

मी उभ्या जन्मात दोनच गोष्टींना घाबरलो. एक इंजेक्शन, दुसरी ही.

दुपारी ती आडवी झाल्यावर चपला हातात घेऊन बाहेर पडलो. गाडीच्या दाराचं कुलूप खट् वाजलं, तसा आत शिरलो. मूठ फिरवून पाहिली. गोल गोल फिरली, निघाली नाही. ओढून पाहिली. ढिम्म! मग मागच्या सीटवर गेलो, दोन्ही पाय पुढच्या सीटांना लावले आणि सगळा जोर एकवटून ओढली.

निघाली. हनुवटीवर आपटली. मी मागे कोलमडलो.

आणि गाडी हलली.

आमच्या दारापुढे उतार. हँडब्रेक अकरा वर्षांपूर्वीच गेलेला, म्हणून मी गाडी कायम पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करतो. त्या ओढाओढीत गिअर सुटला होता. पुढे ड्रायव्हर नाही, मागे मी, हातात मूठ. गेटचा खांब सरकला, शिंप्याचं दुकान सरकलं. संपलो, म्हटलं.

तेवढ्यात खिडकीशी बायको दिसली. चालत येत होती. (गाडी एवढ्याच वेगात होती, हे मला नंतर सांगण्यात आलं.)

"अहो, मागे बसून कुठे निघालात?"

"ब्रेक! आत शिर, ब्रेक दाब!"

"कुठला तो? सव्वीस वर्षांत कधी दाखवलात?"

"अगं, मरतोय मी!"

"आधी ते पाय सीटवरून खाली घ्या."

घेतले. भीती भीतीच्या जागी.

उताराच्या तळाशी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीचं गॅरेज. गाडी त्याच्या जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून थांबली. मिस्त्री हात पुसत आला.

"काय काका, सर्व्हिसिंगला?"

मी मूठ पाठीमागे धरून उतरलो. बायकोने हात पुढे केला. "काय लपवताय? आणा इकडे."

मूठ दिली आणि बोलून टाकलं, "माझा हात आहे तो. सव्वीस वर्षांचा. तेवढा राहू दे मला."

तिने खळीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, सुटलो.

मिस्त्री वाकून बघायला लागला. "काका, ही तुमची नाही. तुमची दोन वर्षांमागे माझ्या हातून फुटली. भंगारातल्या गाडीची बसवली मी. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं चाललंय."

बायको एवढी हसली की टायरांवर बसली. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही कुणा परक्याच्या हातात हात घालून फिरत होतात?"

मूठ अजून माझ्या उशाला आहे. टाकवत नाही, त्या माणसाची सवय झालीय. पण माझी माफी एका माणसाने अजून मागितलेली नाही. मिस्त्रीने.