ताईच्या दारावरून विनाथांबा

राज्यातली शहरं आणि खेडी जोडणाऱ्या बससेवेचं नव्याने नियोजन करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली आणि तीत प्रवाशांचा प्रतिनिधी म्हणून माझी वर्णी लागली. मी बसने फार फिरतो अशातला भाग नाही. माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, घर दुकानाच्या वर आहे, म्हणजे माझा रोजचा प्रवास एक जिना. पण वर्तमानपत्रांतून बससेवेवर मी इतकं तोंडसुख घेत आलो होतो, की शेवटी वरच्या कोणीतरी ठरवलं असावं, याला बाहेर बोंबलू देण्यापेक्षा आत घेऊन चहा पाजलेला परवडेल. चहा चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात चहाचा वाटा मोठा आहे.

समितीवर जायला माझं एक खासगी कारणही होतं. माझी थोरली बहीण जुन्या रस्त्यावरच्या एका गावात राहते. तिच्या मूत्रपिंडांनी संप केला आहे. एक दिवसाआड तिला शहरातल्या सरकारी रुग्णालयात डायलिसिसला जावं लागतं. तिथे मशीन मोजकी आणि माणसं भरमसाट. उशीर झाला तर तेवढा वेळ कापला जातो, आणि फारच झाला तर नंबर दुसऱ्याला जातो. ताई जायची साध्या बसने. ही बस हात दाखवला की थांबायची. हात नाही दाखवला तर 'आज यायचं नाही का?' हे विचारायला थांबायची.

"प्रत्येक झाडाखाली थांबते मेली," ताई एकदा म्हणाली. "अंग आंबून जातं रे."

झालं. माझ्यातला प्रतिनिधी जागा झाला.

"ताई, आता मी समितीवर आहे. तुझ्या दारावरून जलद बस नेली नाही तर नाव सांगणार नाही."

"मेव्हणेबुवा, आहे ते बरं चाललंय," दाजी म्हणाले. "तुम्ही नका हात लावू."

दाजी माणूसच असा. पंखा लावून दिला तरी म्हणणार, वारा लागतो. मी दुर्लक्ष केलं.

पहिल्याच बैठकीत माझी नियोजन अधिकाऱ्यांशी ओळख झाली. त्यांना सगळे नकाशासाहेब म्हणत, कारण बोलताना ते समोरच्या माणसाकडे न बघता भिंतीवरच्या नकाशाकडे बघत. भिंतभर राज्य पसरलेलं होतं. गाव म्हणजे टाचणी, बस म्हणजे धागा. लाल धागा जलद बसचा, हिरवा साध्या बसचा. आणि नियोजनाचं मूळ तत्त्व असं, की एका रस्त्यावर एकच धागा. दोन धागे दिसले की त्याला दुहेरीकरण म्हणतात आणि ते पाप आहे.

दोन मोठ्या शहरांमधला लाल धागा महामार्गावरून सरळ ताणलेला होता. लोकांचा आवाज नियोजनात यावा म्हणून प्रत्येक सदस्याला एकेक टाचणी देण्यात आली. मी माझी टाचणी ताईच्या गावात खुपसली. धागा महामार्ग सोडून तिकडे वळला. मग अध्यक्षांनी सासुरवाडीत खुपसली. प्राचार्यबाईंनी आपल्या कॉलेजच्या गावात. हॉटेलवाल्याने हॉटेलापाशी, आणि निवृत्त इंजिनियरने एका धरणाजवळ, जे त्याने स्वतः बांधलं होतं आणि जे लोकांनी एकदा तरी बघावं अशी त्याची इच्छा होती. शेवटी तो धागा मांजर खेळून गेलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखा दिसू लागला.

"अंतर दुप्पट झालं की हो," इंजिनियर म्हणाला.

"अंतराची हरकत नाही," नकाशासाहेब नकाशाला म्हणाले. "पण प्रवासाला किती वेळ लागेल ते जाहिरातीत छापून झालंय. ते आता बदलता येत नाही."

"मग बस जोरात पळवा," हॉटेलवाला म्हणाला.

"वेग कायद्याने बांधलाय. वेळ जाहिरातीने बांधलीय. मार्ग तुम्ही सगळ्यांनी मिळून बांधलात. आता हात लावण्यासारखं एकच उरलंय."

"काय?"

"थांबे."

सगळे आपापल्या टाचणीकडे बघू लागले. चहा नुकताच आला होता. आणि पहिला, सांगायला लाज वाटायला हवी पण वाटत नाही, मी बोललो. टेबलावर अशी मूठ आपटली की कपबश्या नाचल्या.

"मग काढा ना थांबे! जलद म्हणजे जलद! मी आयुष्यभर हेच लिहीत आलोय, आपल्या बस थांबतात फार!"

"म्हणजे बस आपल्या सगळ्यांच्या गावांवरून जाईल," अध्यक्ष चव घेत घेत म्हणाले, "पण थांबणार कुठेच नाही."

"कोणावरच अन्याय नाही," प्राचार्यबाई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. इतिवृत्तात नोंद झाली, की 'प्रवासी प्रतिनिधींच्या आग्रहास्तव सेवा विनाथांबा करण्यात येत आहे.' माझं डोकं अजून त्या टाळ्यांतच होतं, तेवढ्यात नकाशासाहेबांनी कात्री काढली.

"आता दुहेरीकरण. लाल धाग्याखाली आलेले हिरवे कापायचे. उधळपट्टी थांबेल. सर्वांची संमती?"

उधळपट्टी हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप वर जातो. गेला. हिरवे तुकडे भराभर फरशीवर पडले. त्यातला एक ताईचा होता, हे मला तेव्हा दिसलं नाही. दिसलं असतं तरी काय? चारचौघांत वर गेलेला हात खाली आणायला फार मोठा माणूस लागतो. मी मिक्सर दुरुस्त करतो.

उद्घाटनाच्या फेरीला आम्ही समितीचे सगळे सदस्य बसमध्ये होतो. बाकी कोणी नव्हतं, कारण पहिली फेरी फक्त आमच्यासाठी होती आणि वाटेत चढायला कुठे जागाच ठेवलेली नव्हती. पण गावागावांत लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजवर आपल्या गावावरून जलद बस गेली नव्हती; आज जात होती. अध्यक्षांनी सासुरवाडीला हात हलवला. सासुरवाडीने अध्यक्षांना हात हलवला. धरणापाशी इंजिनियर भावुक झाला, तोवर धरण मागे पडलंही.

मग ताईचं गाव आलं. ताई पिशवी घेऊन उभी होती. तिचा डायलिसिसचा दिवस होता. मला खिडकीत बघून ती हसली आणि चपला सरळ करून पुढे आली.

"थांबवा!" मी चालकाला ओरडलो.

"विनाथांबा आहे, साहेब."

"अहो, पेशंट आहे ती! माझी बहीण आहे!"

"असेल ना. पण गाडी थांबली तर माझ्यावर कारवाई होते. समितीचा ठराव आहे."

"तो ठराव मीच मांडलाय!"

"मग तुम्हाला काय सांगायचं," चालक म्हणाला आणि त्याने गिअर बदलला.

मी खिडकीतून दोन्ही हातांनी खुणा करत होतो. ताईला वाटलं, भाऊ टाटा करतोय. तिनेही हात हलवला. मग तिचा हात तसाच वर राहिला, आणि बस वळणावर वळली.

संध्याकाळी दाजींचा फोन आला.

"मेव्हणेबुवा, बस बघितली. रंग छान आहे."

"दाजी, ताई पोचली का?"

"दुधाच्या टँकरवाल्याने घेतलं पुढे बसवून. उशीर झाला, अर्ध्यावरच उठवलं तिला मशीनवरून. पाय सुजलेत. बाकी गाव खूश आहे तुमच्यावर. सरपंच म्हणत होता, आता आपलं गाव जलदवालं झालं."

दुसऱ्या दिवशी मी नकाशासाहेबांपुढे उभा राहिलो आणि हिरवा धागा परत मागितला.

"मागणी सिद्ध व्हावी लागेल," ते म्हणाले. "आमचा माणूस थांब्यावर बसून मोजेल, किती लोक बसची वाट बघतायत."

"बसच थांबत नाही तर वाट कोण बघेल?"

"म्हणजे मागणी नाही."

"आहे हो! माझी बहीण आहे!"

"मग त्यांना थांब्यावर उभं करा."

"त्या वेळी तिला रुग्णालयात पोचायचं असतं."

"पोचतात?"

"पोचते कशीबशी. दुधाच्या टँकरमधून."

इथे नकाशासाहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच नकाशावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं असावं.

"म्हणजे पर्यायी सेवा उपलब्ध आहे," ते म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून निळा धागा काढला आणि जुन्या रस्त्यावर लावलासुद्धा. मग जरा मागे सरून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "पण टँकरमधून माणसं नेणं बेकायदा आहे. काल मला माहीत नव्हतं. आज तुम्ही सांगितलंत. आता कारवाई करावी लागणार."

केली. त्याच आठवड्यात टँकरवाल्याला पकडलं. पुढच्या बैठकीत माझं अभिनंदन झालं, की 'प्रवासी प्रतिनिधींच्या सतर्कतेमुळे अवैध वाहतुकीस आळा बसला.' मी म्हणालो, अभिनंदन मागे घ्या. ते म्हणाले, तशी तरतूद नाही. मग चहा आला. मी घेतला.

तेव्हापासून एक दिवसाआड मी दुकान बंद ठेवतो आणि व्हॅनमधून ताईला रुग्णालयात नेतो. राज्याच्या बससेवेचं नियोजन करणारा माणूस राज्यातल्या एका प्रवाशाला कसाबसा पोचवतो, एवढं यश पदरात आहे. मागच्या सीटवर जुने पंखे असतात. ते बाजूला सरकवले तर आणखी एक माणूस मावतो.

मागच्या आठवड्यात पुलाच्या अलीकडे ताईने माझा खांदा धरला.

"अरे थांब थांब, शिंपीकाका उभे आहेत. माझ्याच वेळेला असतात ते मशीनवर. घे त्यांना."

म्हातारा काठी टेकून उभा होता. त्याने ताईला ओळखलं आणि काठीसकट हात वर केला. मी ब्रेक दाबला. खोटं सांगत नाही, व्हॅन जवळजवळ थांबली होती. रस्ता अरुंद, कडेला घ्यायला जागा नाही. आणि तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एकदा नाही, दाबून धरलेला. मग दिवे चमकवले. मग खिडकीतून हात बाहेर आला आणि 'चल पुढे' अशी खूण झाली.

"पुलापलीकडे थांबतो," मी ताईला म्हणालो.

पुलापलीकडे वळण होतं. वळणानंतर चढ होता. चढ संपला तेव्हा घड्याळ बघण्यासारखं झालं होतं.

"राहू दे," ताई म्हणाली. "माझा नंबर जाईल मग." आणि तिने काच वर केली.

रुग्णालयात नर्सबाई खुशीत होत्या. "ताई, आज निवांत पडा, पूर्ण वेळ मिळेल. एक पेशंट आलेलाच नाही."

ताई मशीनकडे बघत राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

आता तुम्ही समितीला शिव्या देत असाल. द्या. नकाशासाहेबांना द्या, मला तर भरपूर द्या, मी त्या घेण्यासाठीच नेमलेला आहे. पण पुलाच्या अलीकडे मी आरशात बघितलं होतं, आणि मागची गाडी मी ओळखली. तुमचीच होती. बाकी काही विचारत नाही. फक्त एवढंच सांगा, त्या दिवशी तुम्हाला कुठे पोचायचं होतं?