साठाव्या भागाचा सातबारा

"जपानी ना? अगं, सगळं समजतं मला!" असं हेमाली दोन वर्षांपूर्वी आईला ऐटीत म्हणाली, आणि तिथंच तिनं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

खरं सांगायचं तर ती साइट चोरीची. अ‍ॅनिमेतली माणसं बोलायची जपानीत, खालची पट्टी पोर्तुगीजमध्ये, आणि पोरीला दोन्हींचा गंध नाही! पण ती मालिका दुसरीकडे मिळतच नव्हती. चित्रं झकास, तलवारबाजी फर्मास, म्हणून ती नुसतीच बघायची. एक दिवस भाजी निवडता निवडता आई, म्हणजे सगुणा, शेजारी येऊन टेकली.

"काय म्हणतोय गं तो म्हातारा?"

काहीतरी सांगायला हवं, म्हणून हेमालीनं ठोकून दिलं, "तो सासरा आहे. सातबाऱ्यावरून सुनेचं नाव काढलंय त्यानं."

झालं! सगुणा जी चिकटली ती चिकटलीच. मागोमाग शेजारची केसरकाकी आली. बघता बघता राक्षसांच्या डोंगराची वाटणी निघाली, लाल केसांचा तलवारबाज सुनेचा पाठचा भाऊ झाला. एकोणसाठ भाग दोघींनी पदराला डोळे पुसत बघितले. राहिला शेवटचा, साठावा. आणि नेमकी साइट बंद पडली!

हेमालीचा जीव भांड्यात पडला. पण सगुणा जेवेना. "सातबारा कुणाच्या नावावर झाला ते कळल्याबिगर घास उतरायचा न्हाय!"

शेवटी बंदरावर ट्रेलर चालवणाऱ्या काळूरामनं, म्हणजे हेमालीच्या बाबांनी, पैसे भरून मोबाइलवर रीतसर अ‍ॅप घेतलं. "आता खुशाल बघा. हिंदीत हाय!"

हिंदीत? आईला हिंदी चांगलं कळतं! आता दोन वर्षांच्या थापा उघड्या पडणार. पण पडद्यावर पाटी आली : तुमच्या प्रदेशात सध्या उपलब्ध नाही.

"प्रदेश म्हंजी?" सगुणा गोंधळली.

"प्रदेश म्हंजी हद्द," काळूराम म्हणाला. नाक्यानाक्यावर कागद दाखवून मुरलेला माणूस तो! "आपली दिघी श्रीवर्धन तालुक्यात. खाडी ओलांडली की मुरूड. चला!"

"बाबा, अख्ख्या भारतातच नाहीये ते!"

"मग पैसे काय जपानात घेतले त्यांनी?"

केसरकाकीला घेऊन चौघं फेरीबोटीत चढली. खाडीच्या मध्यावर काकीनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. "आली का रं हद्द?" पाटी तशीच. हेमाली त्या पाटीला मनोमन हात जोडत होती.

पलीकडे आगरदांड्याला पाय टेकला, काळूरामनं बटण दाबलं, आणि साठावा भाग सुरू! त्याच दुपारी बारा वाजता मालिका भारतात खुली झाली होती, हे हेमालीला नंतर कळलं. काळूरामला अजून कळलेलं नाही.

"बग! बोललो न्हवतो?" तो मिशीवर हात फिरवत म्हणाला.

तेवढ्यात लाल केसांचा तलवारबाज सुनेसमोर गुडघ्यावर बसला. "मुझसे शादी करोगी?"

"अगं बया!" केसरकाकी किंचाळली. "पाठचा भाव ना ह्यो!"

"आणि सासरा आशीर्वाद देतोय!" सगुणाचे डोळे गरगरले. "सातबारा कुठं गेला?"

हेमाली रडायच्या बेतात होती. आता खरं सांगून टाकावं. "आई, हेच खरं आहे. मी जे सांगत होते ना, ते..."

"तू गप! तुझी काय चूक न्हाय, पोरी." सगुणा नवऱ्याकडे वळली. "अवं, पैसे मोजून डुप्लिकेट माल आणलात! हिच्याकडचा फुकटातला अस्सल होता!"

काळूरामनं डोकं खाजवत मोबाइल उलटसुलट करून बघितला. "च्यायला, इतकं रीतसर घेऊन..."

"आवाज बंद करा त्याचा! हेमाली, तू सांग."

ही माणसं नक्की काय बोलतात हे ऐकायला हेमाली दोन वर्षं तडफडत होती. आज पडद्यावरची माणसं पहिल्यांदाच तिला कळेल अशा भाषेत बोलत होती, आणि बाबांनी आवाज शून्यावर नेला. पडद्यावर आकाश दुभंगून पांढऱ्या दाढीचा, चार हातांचा कुणीतरी खाली उतरत होता. कोण असेल बिचारा, देव जाणे! तीन माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.

हेमालीनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा तलाठी," ती म्हणाली.