तिसऱ्या ओळीची भुलाबाई

नितेशने कन्सोल निवडायला घेतला त्याला आज एकोणिसावा दिवस होता, आणि कोजागिरी चार दिवसांवर आली होती.

श्रावणात जमुनाबाईंनी पार्बताबाई धरून गल्लीतल्या पाच जणींना जमवून त्याच्या खोलीत भुलाबाईची सहा गाणी म्हटली होती, आणि त्याने ती रेकॉर्ड केली होती. अमरावतीच्या त्या गल्लीत एकेकाळी वीस-पंचवीस पोरी घरोघर भुलाबाई म्हणत फिरायच्या. कापसाने ओळीने तीन सालं हात दिला नाही, तशी अर्धी घरं पोटामागे पुण्या-नाशिकला गेली. उरल्या तीन पोरी, त्यांना एकही गाणं येत नव्हतं. यंदा महिनाभर मांडलेली मातीची भुलाबाई मुकीच बसली होती. निदान कोजागिरीला मोबाईलवर तरी गाणी वाजावीत, एवढंच जमुनाबाईंचं मागणं होतं.

पण नितेशचं घोडं अडलं होतं. जुन्या स्टुडिओत म्हणे कपाटाएवढाली यंत्रं असत, कन्सोल; त्यातून गेलेल्या आवाजाला वेगळीच गोडी येते. तसलं यंत्र घरात कुठे मावणार? म्हणून त्याची नक्कल करणारं प्लगइन कॉम्प्युटरात घालायचं. अशी तीन त्याने थोड्या दिवसांच्या फुकट मुदतीवर आणली होती. ठेवायचं त्यातलं एकच.

"आई, याच्यानं आवाजाले ऊब येते."

"ऊब पायजे तं गोधडी घे. पार्बताबाई रोज इचारून राह्यली, गाणे शिजले का म्हणून."

"मंग तूच सांग. हे पहिलं. हे दुसरं. हे तिसरं. आता वाजवतो ते कोणतं?"

"दुसरं."

"आता?"

"तिसरं."

दहापैकी दहा बरोबर आली. नितेश खुर्चीतून उठला आणि आईच्या कानांकडे पाहत राहिला.

खरं सांगायचं तर जमुनाबाईंना तिन्हींत तिळाएवढा फरक कळला नव्हता. पण लहानपणी चांदूर रेल्वेला खिरापत ओळखण्यात त्या कधी हरल्या नव्हत्या. गाणी संपली की जिच्या घरची भुलाबाई, ती झाकलेला डबा वाजवून दाखवी. आतला खाऊ आवाजावरून ओळखायचा. बाकीच्या पोरी डब्याला कान लावत. जमुना डबा धरणारीच्या तोंडाकडे बघे. आणि नितेशचं तोंड म्हणजे झाकण नसलेला डबा होता. पहिल्याला तो श्वास रोखी, दुसऱ्याला भुवई उचली, तिसऱ्याला मान खाजवी.

नितेशने लगेच अरीबला फोन केला. अरीब अकोल्याच्या जठारपेठेत लग्नाच्या व्हिडिओंना गाणी लावी, आणि दोन महिने याच तीन यंत्रांपाशी अडून बसला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो हजर.

"काकू, असे कान आपन तं नाई पाह्यले. फक्त एक अर्ज हाये. डोळे बांधून आइका. इमानदारीची परीक्षा तशीच होते."

जमुनाबाई काही बोलायच्या आत त्याने धुतलेला रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधलासुद्धा. तोंडं गेली, भुवई गेली, मान गेली. उरलं फक्त गाणं. मग नाइलाजाने त्यांनी ते ऐकलं.

तिसऱ्या ओळीवर त्या दचकल्या. "थांबव. हे कोन बोंबलून राह्यलं मधातच?"

अरीब खोकला. नितेश हळूच म्हणाला, "आई, तू."

"एकोणीस दिवस आइकून राह्यला, तुले समजलं नाई?"

"मी गाणं कुठं आइकत होतो? मी कन्सोल आइकत होतो."

जमुनाबाईंनी रुमाल सोडला. "पुसून टाक. पुन्हा म्हणतो."

संध्याकाळी बाया पुन्हा जमल्या. पार्बताबाई म्हणाल्या, "मले श्रावणातच समजलं होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"तुह्या घरचा चहा बंद करून घ्याचा होता का मले?"

पहिल्या फेरीत जमुनाबाई तिसऱ्या ओळीवर घसरल्या. दुसरीतही. कोमट पाणी झालं, जागा बदलून झाली. ऐन ओळीला पार्बताबाईंनी चिमटा काढून पाहिला, तर आवाज घसरला तो घसरलाच, वर किंचाळी आली. तीन संध्याकाळींत सतरा फेऱ्या झाल्या. वायरी बघायला आलेल्या गल्लीतल्या तिघी पोरी उंबऱ्यात चिकटून बसलेल्या असत. चौथ्या दिवशी सकाळी फुकटची मुदत सरली आणि तिन्ही कन्सोल एकदम बंद पडले; त्यांच्यावाचून गाणी मोबाईलवर द्यायला नितेशचं मन घेईना.

कोजागिरीच्या संध्याकाळी ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली भुलाबाई बसली. सगळ्या बाया आल्या. नितेश भिंतीला टेकून खाली बघत होता. जमुनाबाईंच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये काही नव्हतं.

"आजी, म्हणू का आमी?" प्रणालीने विचारलं. ती तिघींत धाकटी. उत्तराची वाट न पाहता तिने सुरुवात केली आणि दोघींनी सूर धरला. एक शब्द अडला नाही. सतरा वेळा ऐकलेलं गाणं, अडणार कुठे? जमुनाबाईंचे डोळे भरून आले. पार्बताबाईंनाही राहवेना, त्याही मोकळ्या गळ्याने म्हणू लागल्या.

तिसरी ओळ आली. तिघी पोरी एकसाथ घसरल्या, हुबेहूब जमुनाबाईंसारख्या. पार्बताबाई तेवढ्या सरळ गेल्या.

प्रणाली गाता गाता थांबली आणि अदबीने म्हणाली, "पार्बता आजी, तुमी इथं चुकून राह्यल्या."