गुरुलिंगअप्पा आणि सात देशांचे पेपर

वाचकमहाशयांचे सेवेशी सादर.

निवेदन करणार : मी स्वतः, अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीच्या फाटकाजवळ, परभणी.
ज्यांच्याविषयी : गुरुलिंगअप्पा, धंदा भुसार, वय त्या वेळी बावन्न, राहणार मौजे झरी.
हितसंबंधी : त्यांची एकुलती एक मुलगी महानंदा, बारावी शास्त्र पास.
साक्षीदार : कचेरीसमोरील चहावाले रहीमभाई, ज्यांनी निम्मा प्रकार पाहिला व उरलेला मागाहून विचारून घेतला.
काळ : सन एकोणीसशे नव्वदचा उन्हाळा व त्यापुढील पावसाळा.

मजकूर असा की, सदर गुरुलिंगअप्पा कोणतीही वस्तू नमुना पाहिल्याशिवाय घेत नसत. ज्वारीच्या पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेणे हे त्यांच्या धंद्यास धरून होते. परंतु ते वर्तमानपत्रसुद्धा मधले पान वाचून पाहिल्याशिवाय घेत नसत. पुतण्यासाठी मुलगी पाहण्यास गेले असता, "आधी सासूचा नमुना बघू," असे म्हणून मुलीच्या आईशीच तासभर बोलत बसले. सबब एका सकाळी ते माझ्यासमोर बैठक मारून म्हणाले, "डाक्टरकीच्या परीक्षेचे नमुने मागवायचेत. समद्या देशांचे," तेव्हा मला विशेष आश्चर्य वाटले नाही.

"किती देशांचे?" मी पेनाचे टोपण काढीत विचारले.

"किती हायेत?"

खुलासा असा की, महानंदेचे गुण इथल्या सरकारी कॉलेजास थोडक्यात कमी पडले होते. तिच्या प्राध्यापकांनी सांगितले की बाहेरच्या देशांतही डॉक्टर होता येते; मात्र प्रत्येक देशाची प्रवेशाची तऱ्हा निराळी, तेव्हा एकच देश ठरवून त्याच परीक्षेची तयारी करावी. देश ठरवण्याचे काम अप्पांनी स्वतःकडे घेतले. अप्पा स्वतः उभ्या जन्मात देवगाव फाट्याच्या पलीकडे गेलेले नव्हते.

आम्ही सात देश निवडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी माझे अर्ज बी.ए. झालेले कारकून उभे राहून वाचतात, हे नम्रपणे नमूद करतो. दिल्लीतील सातही वकिलातींना मी स्वच्छ मराठीत अर्ज लिहिले आणि महानंदेकडून त्यांचे इंग्रजी करवून सोबत जोडले. अप्पांच्या आग्रहावरून एक पोटकलम घातले : परीक्षेस बसताना उमेदवाराच्या गळ्यात लिंगायत रीतीप्रमाणे इष्टलिंग राहील, त्यास सदर देशाची हरकत आहे काय? प्रत्येक अर्जावर मी रीतसर कोर्ट फी स्टॅम्प लावला. स्टॅम्पाशिवाय अर्ज कोणी हातात घेत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

पाच देशांकडून नमुना पेपरांसह उत्तर आले. एका देशाने तर आमचा स्टॅम्प टाचणी लावून, आभारासह परत पाठवला. इतका सचोटीचा कारभार मी आपल्या कचेरीत पाहिलेला नाही. लिंगाविषयी कोणाचीच हरकत नव्हती.

मग अप्पांनी पारख सुरू केली. रहीमभाईंच्या बाकड्यावर ते पेपर पसरून बसत, कागद बोटांत चोळत, उन्हात धरत. त्या दिवसांत त्या बाकड्यावर दुसरा विषय नसे. जो येई तो विद्यापीठाच्या नामांतरावर बोले, आवाज चढत, ओळखीची माणसे एकमेकांना पाठ करून बसत. दोन्ही बाजूंनी अप्पांना विचारले, "तुमचं काय म्हणणं हाय?" अप्पा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बल्गेरियाचं काय खरं न्हाई."

एका देशाच्या पेपरात प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे छापलेली होती. अप्पांनी महानंदेला विचारले, "हे काय?"

"त्यातलं एक बरोबर हाय अप्पा. त्याच्यावर खूण करायची."

"आन् बाकीचे तीन?"

"चूक."

अप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "तीन खोटं छापून देणारं सरकार. तिथं पोरगी पाठवत न्हाई मी."

दुसऱ्या देशात तोंडी परीक्षा होती. "म्हंजे तोंड बघून सौदा. नको." तिसऱ्याचा पेपर फारच सोपा निघाला. "इतक्यात डाक्टर होतेत? त्यांच्याकडं माणसं जगतेत का?" चौथ्या देशाची परीक्षा तिथेच जाऊन द्यायची असे कळले. राहता राहिला रशिया. त्याचा कागद जाड होता, परीक्षा दिल्लीलाच होती, दोष काही सापडेना. तेव्हा अप्पा म्हणाले, "दोष न्हाई, ह्याचीच भीती वाटायली."

रहीमभाई कप विसळत म्हणाले, "अप्पा, तुमाला देश नको, जावई पाहिजे. घरजावई." सारे हसले. अप्पाही हसले, पण चहा अर्धा ठेवून उठले.

रशियाच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत आली होती. त्यावर पालकाची संमतीची सही हवी होती. एका दुपारी महानंदा एकटीच माझ्याकडे आली. फॉर्म तिने छातीशी धरला होता.

"काका, तारीख जायलीय. अप्पा सही बी करत न्हाईत आन् नको बी म्हणत न्हाईत. त्यांनी एकदा तोंडानं 'नको जाऊ' म्हटलं, तर मी इथंच बीएस्सी करते. मला राग येणार न्हाई. तुमच्यापाशी काही बोलले का?"

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडण्यापूर्वीच अप्पा येऊन बसले होते. कपाळाचे भस्म ताजे होते. म्हणाले, "एक अर्ज लिवा. पोरीच्या नावानं."

"मुलीला पत्र लिहितात, अप्पा."

"पत्र मला जमायचं न्हाई. अर्जात माणसाला मागता येतं."

ते सांगत गेले, मी माझ्या भाषेत उतरवत गेलो. अर्जदाराची पत्नी मयत होऊन अकरा वर्षे झाली. तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. अर्जदारास वेणी घालता येत नव्हती, ती तो शिकला. अर्जदार सकाळी पूजेस बसतो तेव्हा बेलाची पाने तीच आणून ठेवते. दुकानातून येण्यास उशीर झाल्यास ती ओट्यावर उभी असते. ती गेल्यावर अर्जदारास "उशीर का केलात" असे विचारणारे कोणी उरत नाही.

"तरी," मी लिहिले आणि थांबलो. "तरी काय, अप्पा? मागणी सांगा."

ते फाटकाकडे पाहत म्हणाले, "तरी जावं." मग लगेच, "न्हाई, ते खोडा. तरी जाऊ नये, असं लिवा."

मी खोडले व लिहिले. वाचून दाखवले. त्यांनी सावकाश सही केली आणि कागद माझ्याच पुढ्यात सरकवला. "बराबर हाय. आता हे तिला द्यायचं न्हाई."

"मग लिहून कशाला घेतले?"

"कुठं तरी दाखल व्हावं म्हणून," असे म्हणून ते झरीच्या गाडीकडे गेले.

संध्याकाळच्या टपालापूर्वी महानंदा धावत आली. फॉर्मवर सही होती. तिचा चेहरा मी सांगत नाही. फॉर्म पाकिटात घालता घालता तिने पुन्हा विचारले, "काका, खरं सांगा, अप्पा काही बोलले का?"

तो अर्ज माझ्या वहीखालीच होता. मी म्हणालो, "काही नाही, बाळ. खुशीने सही केली त्यांनी."

ती परीक्षा पास झाली आणि रशियाला गेली. पुढच्याच वर्षी तो देश मोडल्याची बातमी आली. अप्पा वर्तमानपत्र न उलगडताच माझ्याकडे आले आणि म्हणाले, "देश मोडला म्हणतेत. कॉलेज हाय का इचारा." कॉलेज होते. महानंदेचे पत्र महिन्याने येते. अप्पा ते मला वाचून दाखवतात आणि उत्तरात, "इकडे सर्व ठीक," एवढेच लिहायला सांगतात. मी तेवढेच लिहितो.

सोळा वर्षे चाललेला विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न यंदाच्या संक्रांतीला निकाली निघाला. माझ्या पेटीतील हा एक कागद मात्र अजून प्रलंबित आहे. इतक्या वर्षांत याखेरीज माझ्या हातचा एकही अर्ज ज्याच्या नावाचा त्याला पोचल्यावाचून राहिलेला नाही. आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकलेला मी एकटाच आहे. ती राहिली असती हे त्यांस ठाऊक नाही, त्यांनी मागितले होते हे तिला ठाऊक नाही.

महानंदा येत्या उन्हाळ्यात सुट्टीवर गावी येत आहे. तरी वाचकमहाशयांस सविनय विनंती की, सदर अर्ज तिच्या हाती द्यावा किंवा कसे, आणि त्या संध्याकाळी मी दिलेले उत्तर योग्य होते किंवा नव्हते, याचा निवाडा करून ती येण्यापूर्वी लेखी कळविण्याची मेहेरबानी व्हावी. मला सुचत नाही.